मेपल सिरप तुमच्याकडे कितपत ओळखीचं आहे? (अनुभव धागा)

परदेशातून येणाऱ्या बॅगांमधून चॉकलेटांच्या खालोखाल मेपल सिरपचे (मेपल झाडाचा रस आटवून केलेल्या पाकाचे) डबे निघतात. घेणाऱ्याला त्याचं नेमकं काय करायचं ते ठाऊक नसतं, आणि आणणाऱ्यालाही बऱ्याचदा नसतं. म्हणून हा धागा. तुम्ही जिथे राहता तिथल्या सामान्य माणसाला हे सिरप माहीत आहे का? दुकानात त्या नावाखाली जे मिळतं ते खरं की नुसतं वासाचं? आणि मेपलच्या जागी तिथली माणसं काय ओततात? आठवणी आणि सहलींची वर्णनं नकोत. मापं, लेबलं, कृती आणि फसगती लिहा.

फणसपोळी (माँट्रियाल)

उगमापासून सुरुवात करते. जगातल्या मेपल सिरपपैकी साधारण ७० टक्के एकट्या क्युबेक प्रांतातून येतं. त्यामुळे इथे "माहीत आहे का" असं कुणी विचारत नाही, "कुठल्या रंगाचं देऊ" असं विचारतात. गोल्डन, अंबर, डार्क आणि व्हेरी डार्क असे चार वर्ग आहेत आणि चारही "ग्रेड ए"च आहेत. ही वर्गवारी सिरपमधून किती प्रकाश आरपार जातो त्यावर ठरते: ७५ टक्के किंवा जास्त गेला तर गोल्डन, ५० ते ७५ अंबर, २५ ते ५० डार्क, त्याखाली व्हेरी डार्क. हंगामाच्या सुरुवातीचं फिकं, शेवटचं काळपट. गडद म्हणजे हलक्या प्रतीचं असा समज बाहेरदेशी फार आहे आणि तो सोडून द्यावा. चहा-कॉफीत, मॅरिनेडमध्ये, केकमध्ये गडदच घ्या. गोल्डनची चव त्यात कुठल्या कुठे हरवते.

भाव का चढा, त्याचं गणित असं. झाडाच्या रसात साखर जेमतेम २ टक्के. ८६ ला त्या टक्केवारीनं भागायचं, जे उत्तर येईल तितके लिटर रस एका लिटर सिरपला लागतो. म्हणजे ४३. मोठे उत्पादक आधी रिव्हर्स ऑस्मोसिसनं निम्म्याहून जास्त पाणी काढून टाकतात आणि मग उकळतात, नाहीतर सरपण परवडणार नाही. तुमच्या गावात पाणी ज्या तापमानाला उकळतं त्याच्या ४ अंश वर, म्हणजे समुद्रसपाटीला सुमारे १०४ अंश सेल्सिअसला, सिरप तयार होतं. तेव्हा त्यात ६६ टक्के साखर असते. त्याखाली उतरवलं तर आंबतं आणि बुरशी धरतं, ६८-६९ च्या वर गेलं तर बाटलीच्या तळाला खडीसाखर जमते. उकळताना फेस काठाबाहेर येऊ लागला की लोण्याचा किंवा तेलाचा एक थेंब टाकतात, फेस लगेच बसतो. शेवटी जाड फेल्टच्या गाळणीतून गरमच गाळतात, कारण त्यात कॅल्शियम मॅलेटची बारीक वाळू उतरते. ती राहिली तर सिरप गढूळ दिसतं आणि दाताखाली कचकच लागते.

घरोघरी ते फक्त पॅनकेकवर जात नाही. अंडी, हॅम, शिजवलेले बीन्स, सगळ्यांवर ओततात. मार्च-एप्रिलात शुगर शॅकमध्ये, म्हणजे रस उकळायच्या खोपटात, बर्फावरची टॉफी असते: सिरप ११२ ते ११४ अंशांपर्यंत आटवायचं, न ढवळता स्वच्छ दाबलेल्या बर्फावर पट्टीसारखं ओतायचं, अर्धा मिनिट थांबून काडीवर गुंडाळायचं. कमी आटलं तर बर्फात झिरपून जातं, जास्त आटलं तर काचेसारखं तडकतं.

भाव जगभर फार वरखाली होत नाहीत याला इथला उत्पादक संघ कारणीभूत आहे. कोटा तो ठरवतो आणि २००० सालापासून पिंपांमध्ये राखीव साठाही ठेवतो. त्याच साठ्यातलं जवळजवळ ३,००० टन सिरप २०११-१२ मध्ये चोरीला गेलं होतं. २०१२ च्या मोजणीत काही पिंपं पाण्यानं भरलेली निघाली. किंमत सुमारे १.८ कोटी कॅनेडियन डॉलर. ज्या पदार्थासाठी एवढी मोठी चोरी होते त्याला बाहेर मागणी आहे हे उघडच आहे: अमेरिका सर्वांत मोठं गिऱ्हाईक, तिच्यामागे जर्मनी, ब्रिटन, जपान, फ्रान्स, ऑस्ट्रेलिया.

केळफूल (न्यू जर्सी)

अमेरिकेत मेपल सिरप माहीत नाही असा माणूस सापडणार नाही, पण जे माहीत आहे ते बहुतेकदा मेपल सिरप नसतंच. सुपरमार्केटच्या त्या फळीवर निम्म्याहून जास्त जागा "पॅनकेक सिरप" किंवा "टेबल सिरप"ची. घटक वाचा: कॉर्न सिरप, हाय फ्रुक्टोज कॉर्न सिरप, पाणी, सेल्युलोज गम, कॅरामल रंग, कृत्रिम स्वाद, सोडियम बेंझोएट. दाटपणा गमचा असतो, म्हणून ते पॅनकेकवर वर बसून राहतं. खरं सिरप पातळ, लगेच आत मुरतं. या सिरपवर वाढलेली मुलं खऱ्याला "पाणचट" म्हणतात, त्यात त्यांचा दोष नाही.

नियम सोपा आहे. "मेपल सिरप" असं नुसतं नाव लावायचं तर ते मेपलच्या रसाचंच आणि किमान ६६ टक्के घन असलं पाहिजे, असं केंद्रीय अन्न-औषध खात्याचं मानक सांगतं. व्हरमाँट राज्य आणखी कडक, ६६.९. म्हणून नकली बाटलीवर झाडं, झोपडी, बर्फ सगळं चित्र असतं, फक्त "मेपल" हा शब्द एक तर नसतो किंवा "फ्लेवर्ड"च्या सोबतीनं येतो. न्याहारीच्या हॉटेलात न मागता जे येतं ते हेच. खरं हवं तर वेगळं मागायचं, आणि अनेक ठिकाणी त्याचे वेगळे पैसे.

आता आपल्या मंडळींच्या कामाची गोष्ट. नकली मेपलचा वास बऱ्याचदा मेथीच्या अर्कातून काढतात. मेथीच्या वासामागचं सोटोलोन नावाचं संयुग थोड्या प्रमाणात घेतलं की मेपल-कॅरामलसारखं लागतं. २००५ पासून न्यूयॉर्कमध्ये अधूनमधून अख्ख्या मॅनहॅटनभर मेपल सिरपचा वास पसरायचा आणि लोक घाबरून फोन करायचे. २००९ मध्ये शहरानं उलगडा जाहीर केला: नदीपलीकडे न्यू जर्सीत सुगंधी द्रव्यांच्या एका कारखान्यात मेथीदाण्यांवर प्रक्रिया चालू होती.

आडुळसा (नाशिक)

केळफूलताईंच्या मेथीला वैद्यकीय जोड. भारतातल्या बालरोगतज्ज्ञांना मेपल सिरप चाखलं नसलं तरी नावानं पक्कं ठाऊक असतं, कारण "मेपल सिरप युरिन डिसीज" नावाचा जन्मजात चयापचयाचा आजार आहे. ल्युसिन, आयसोल्युसिन, व्हॅलिन ही तीन अमिनो आम्लं शरीरात मोडत नाहीत, बाळाच्या लघवीला आणि कानातल्या मळाला जळक्या साखरेचा वास येतो. उपचार उशिरा झाले तर मेंदूला इजा होते. गंमत अशी की आईनं बाळंतपणाच्या सुमारास मेथी खाल्ली असेल तर निरोगी बाळालाही हाच वास येऊ शकतो. आपल्याकडे डिंक-मेथीचे लाडू हातात तयारच असतात. म्हणून आईनं काय खाल्लं ते डॉक्टरांना सांगावं, पण "मेथीचाच असेल" म्हणून घरी बसू नये. बाळ दूध ओढत नसेल, सुस्त असेल तर रक्तातली अमिनो आम्लं तपासल्याशिवाय निकाल लावता येत नाही.

अंबाडी (म्युनिक)

जर्मनीत हे अगदी नेहमीचं आहे आणि त्याचं मोठं कारण पॅनकेक नव्हे, व्हीगन मंडळी. मध चालत नाही, मग मेपल किंवा अगाव्ह या घायपातासारख्या झाडाचं सिरप. औषधी-सौंदर्यप्रसाधनांच्या साखळी दुकानांतसुद्धा सेंद्रिय मेपलच्या छोट्या काचेच्या बाटल्या असतात. जर्मन पॅनकेकवर मात्र लोक दालचिनी-साखर, सफरचंदाचा मुरंबा किंवा जॅमच घेतात. ऱ्हाइनकडच्या बटाट्याच्या थालीपिठांवर बीटचं काळं सिरप, तिथे मेपलला कुणी विचारत नाही.

एक सावधगिरी. इथे "ग्रेड सी" नावानं गडद सिरप वर्षानुवर्षं विकलं गेलं आणि सेंद्रिय दुकानांतली जुनी गिऱ्हाइकं अजून तेच मागतात, "सी म्हणजे जास्त पौष्टिक" म्हणून. हे वर्ग जुने. वरच्या प्रतिसादातला डार्क किंवा व्हेरी डार्क घ्या, चव तीच मिळेल. पौष्टिकतेचं फार मनावर घेऊ नका: १०० ग्रॅममध्ये साधारण २६० कॅलरी, बहुतेक सगळी साखरच.

जुनी_सायकल (लीड्स)

ब्रिटनमध्ये माहीत आहे, मिळतं, पण घरातली हक्काची जागा गोल्डन सिरपची. ते उसाच्या साखरेच्या शुद्धीकरणातून निघणारं इन्व्हर्ट सिरप (म्हणजे साखर ग्लुकोज-फ्रुक्टोजमध्ये फुटलेलं), १८८५ पासून हिरव्या-सोनेरी डब्यात. पॅनकेक डेला बहुतेक घरं लिंबू आणि साखर घेतात. मेपल सर्वांत जास्त खाल्लं जातं ते बहुधा मेपल-पेकान पेस्ट्रीत, आणि तिच्यातलं मेपल किती टक्के आहे ते पाकिटामागे वाचलं तर हसू येतं.

बेकिंगमध्ये गोल्डन सिरपच्या जागी मेपल सरळ ओतू नका. गोल्डन सिरप बरंच दाट आणि त्यातली निम्मी साखर फुटलेली, म्हणून फ्लॅपजॅक (इथली ओट्सची भाजलेली वडी) चिवट-मऊ राहतं. मेपलमध्ये पाणी तिसरा हिस्सा आणि साखर बहुतेक सुक्रोज. फ्लॅपजॅक आधी ओलं राहतं आणि मग भुगा होतं. करायचंच असेल तर मेपल आधी पाऊणपट उरेपर्यंत आटवून घ्या.

साध्या साखरेच्या जागी घालायचं तर: १ कप साखरेला पाऊण कप मेपल, कृतीतलं दूध-पाणी ३ टेबलस्पून कमी, पाव चमचा खाण्याचा सोडा, ओव्हन १५ अंशांनी खाली. ओव्हन तसाच ठेवला तर कडा करपतात आणि मध्य कच्चा राहतो.

पाटावरवंटा (उट्रेख्त)

नेदरलँड्ससाठी दोनच ओळी पुरतील. पॅनकेकच्या हॉटेलात प्रत्येक टेबलावर बीटच्या सिरपची दाबायची बाटली आणि पिठीसाखर. मेपल सुपरमार्केटात "परदेशी" रांगेत.

निवडुंग (ओसाका)

जपानात उलटं आहे: चव सगळ्यांना ठाऊक, खरा पदार्थ थोड्यांना. हॉटकेक मिक्सच्या खोक्यासोबत किंवा शेजारी जे सिरप मिळतं त्यावर "केक सिरप, मेपल टाइप" असं लिहिलेलं असतं. साखरेचा पाक, रंग आणि वास. खरं हवं असेल तर "प्युअर" शब्द आणि कॅनडा हे उगमस्थान, दोन्ही बघा. घटकांच्या ओळीत एकच नाव असलं पाहिजे.

हॉटकेकची पाकिटावरची रीत मात्र फार नेमकी आहे, आणि घावन करणाऱ्यांनाही उपयोगी पडेल. १५० ग्रॅम मिक्स, १ अंडं, १०० मिली दूध. अंडं-दूध आधी फेटायचं, मग मिक्स, आणि गुठळ्या थोड्या राहिल्या तरी थांबायचं. जास्त घोटलं की केक चपटा. तवा मध्यम आंचेवर तापवून ओल्या फडक्यावर क्षणभर टेकवायचा, चर्र आवाज बसला की मंद आंचेवर परत. पीठ फूटभर उंचीवरून एकाच जागी ओतायचं, आपोआप गोल पसरतं. ३ मिनिटांनी बुडबुडे फुटले की उलटायचं, मग २ मिनिटं. सगळीकडे सारखा तपकिरी रंग येतो तो त्या ओल्या फडक्यामुळे.

दुकानांत मेपलची बिस्किटं, मेपलचे बन, मेपलची भेटखोकी भरपूर. पण हिरोशिमाचे मेपलच्या पानाच्या आकाराचे मोमिजी मांजू घेताना सिरपची अपेक्षा ठेवू नका, आत लाल चवळीसारख्या अझुकीचं पुरण असतं. साइतामा प्रांतातल्या चिचिबूला स्थानिक मेपलच्या जंगली झाडांचा रस काढून थोडं सिरप बनवतात, महाग आणि कमी. घरगुती गोड ओतण म्हणाल तर काळ्या गुळाचं कुरोमित्सू, आणि ते मात्र आपल्या जिभेला ओळखीचं लागतं.

शेवगा (सुवोन, दक्षिण कोरिया)

निवडुंगांनी झाडाचा विषय काढलाच आहे म्हणून. कोरियात मेपलचा रस शतकानुशतकं माहीत आहे, पण त्याचं सिरप करत नाहीत, तसाच पितात. झाड गोरोस्वे, मेपलचाच भाऊबंद. जानेवारीअखेर ते मार्च, जिरिसान डोंगराभोवती आणि ग्वांगयांगच्या बाजूला. हाडांना चांगला असा समज आहे. पिण्याची पद्धत वेगळीच: ओंडोल खोलीत, म्हणजे खालून जमीन तापवलेल्या खोलीत, बसून खारवलेली सुकी मासळी किंवा काही खमंग खात घोटाघोटानं लिटर-लिटर पितात. खारट खाल्ल्यानं तहान लागते आणि घामानं जागा होते, एवढंच त्यामागचं शास्त्र. कोंबडीचं सूप शिजवायला पाण्याच्या जागी घालतात, सोया सॉस आणि दोएनजांग या सोयाबीनच्या आंबवलेल्या लगद्यालाही वापरतात.

विकत घेताना दीड लिटरच्या बाटल्या किंवा मोठा १८ लिटरचा कॅन. घरी आल्याबरोबर फ्रीजमध्ये. चव जेमतेम गोड, पाण्याला किंचित लाकडाचा वास. तळाशी पांढरा थर आला तर तो झाडातलाच, पण आंबट वास आला की ओतून द्या. साखर असलेलं कच्चं पाणी आहे ते, टिकणार किती?

सिरप इथे कॅफेतलं. ब्रंचच्या पॅनकेकवर, वॉफलवर. घरात गोडाला तांदळाचं जोचोंग किंवा मक्याचं मुलयोत, आणि रस्त्यावरच्या होत्तोक या भरलेल्या गोड पोळीत ब्राउन शुगर-दालचिनी-शेंगदाणे आतच भरलेले असतात, वरून काही ओतायची सोय नाही.

मी_सातारकर (सातारा)

मग महाबळेश्वरला मेपल लावून रस काढता येईल का? थंडी तर असते.

फणसपोळी (माँट्रियाल)

नाही, दादा. थंडी पुरत नाही, रात्री शून्याखाली आणि दिवसा शून्याच्या वर अशी रोजची उलटापालट लागते, साधारण उणे ५ आणि अधिक ५. मेपलच्या लाकडातल्या तंतूंमध्ये हवा असते. रात्री गोठताना ती आकसते, बर्फात अडकते आणि मुळांकडून पाणी वर ओढलं जातं. दिवसा बर्फ वितळला की हीच हवा फुगून रस बाहेर ढकलते. महाबळेश्वरला दवबिंदू गोठले तरी खोड गोठत नाही, मग दाब येणार कुठून? कोरिया, जपानचे डोंगर, व्हरमाँट, क्युबेक, सगळीकडे हाच खेळ आहे.

भोक ८ मिलिमीटर रुंद, ४ ते ५ सेंटिमीटर खोल, किंचित वरच्या बाजूला तिरकं, म्हणजे रस बाहेर उतरतो. खोड २५ सेंटिमीटरपेक्षा बारीक असेल तर हात लावायचा नाही. पुढच्या वर्षी त्याच भोकाजवळ पाडलं तर रस येत नाही, कारण तिथलं लाकूड मेलेलं असतं. कळ्या फुगू लागल्या की थांबायचं. त्यानंतरच्या सिरपला एक उग्र, कडवट वास येतो आणि तो उकळून जात नाही.

टिंबटिंब (हेलसिंकी)

फिनलंडमध्ये झाडाचा रस म्हटला की बर्च. सिरप फार थोडे करतात, कारण १०० लिटरला १ लिटर, आणि त्यातली साखर ग्लुकोज-फ्रुक्टोज असल्यानं शेवटी चटकन करपते. पॅनकेक स्ट्रॉबेरीच्या जॅमबरोबर. मेपल दुकानात आहे, घेतात ते तरुण.

मोरपंखी (मेलबर्न)

ऑस्ट्रेलियात फळीवर "मेपल फ्लेवर्ड सिरप" पुढे आणि खरं वरच्या कप्प्यात. मुलांना पहिलंच माहीत. कॅफे मात्र खरं वाढतात आणि मेनूवर तसं लिहितात. अँझॅक बिस्किटांत (इथली ओट्स-खोबऱ्याची बिस्किटं) कुणी मेपल सुचवलं तर ऐकू नका, जुनी_सायकल यांनी दिलेलंच कारण: चिवटपणा गोल्डन सिरपचा आहे.

कोकमकढी (दुबई)

आखातात ओतायचं गोड म्हणजे खजुराचं दिब्स. लुकैमात (पिठाचे तळलेले गोळे) तळून झाले की त्यावर दिब्स आणि तीळ, आणि वेलदोडा-केशर घातलेल्या एमिराती चबाब या पॅनकेकवरही तेच. मेपल प्रत्येक मोठ्या सुपरमार्केटात आहे, पण ते परदेशी नोकरदार आणि हॉटेलांच्या बुफेसाठी. इथल्या बुफेत बहुतेक वेळा वासाचंच असतं, भांड्यावर चिठ्ठी "मेपल सिरप" अशी असली तरी.

दिब्स मेपलच्या जागी चालवायचं असेल तर ३ भाग दिब्सला १ भाग गरम पाणी. तसंच ओतलं तर खजुराचा कडवटसर गडदपणा सगळ्यावर मात करतो.

गुळव्या (कोल्हापूर)

आता आमच्याकडचं. गावाकडे मेपल सिरप माहीत नाही, आणि माहीत करून घ्यायची गरजही कुणाला पडली नाही, कारण काकवी आहे. तरी दोन्हींची तुलना करतो, कारण प्रक्रिया जवळजवळ एकच.

उसाच्या रसात साखर १८ ते २० टक्के. म्हणून लिटरभर काकवीला चार-साडेचार लिटर रस पुरतो, तिकडे ४३ लागतो. किमतीतला फरक इथेच दिसतो. काहिलीत रस तापला की भेंडीच्या झाडाच्या चिकट पाण्यानं मळी वर आणतात आणि झाऱ्यानं काढतात. ती नीट निघाली नाही तर काकवी काळी आणि खारट. १०५ अंशांच्या आसपास काढली तर काकवी, ११८ पर्यंत नेऊन वाफ्यात ओतली तर गूळ. गुळव्या थर्मामीटर बघत नाही, थंड पाण्यात थेंब टाकून बोटात बघतो.

बिघाड दोन. लवकर उतरवली तर आंबते, झाकण फुगतं, काचेची बाटली असेल तर फुटूही शकते. अशी काकवी फुसफुसली की टाकून द्या. उशिरा उतरवली तर तळाला रवाळ साखर बसते. ती खराब नाही, बाटली गरम पाण्याच्या भांड्यात उभी करा, विरघळते. मेपलच्या बाटलीतल्या खड्यांनाही हाच उपाय.

फरक कुठे जाणवतो? काकवी आंबटसर आणि खनिजाच्या चवीची, उकळत्या दुधात घातली तर दूध फाटतं. मेपलनं सहसा फाटत नाही. म्हणून खिरीत मेपल चालेल, काकवी गॅस बंद करून दूध कोमट झाल्यावर. आंबोळी, घावन, गरम भाकरी-तूप यांवर काकवीच. त्यांवर मेपल ओतून पाहिलं तर पातळ पडतं, आणि तिळाच्या चटणीशी त्याचं जमत नाही.

केळफूल (न्यू जर्सी)

गुळव्यांच्या काकवीत मेथीचं तंत्र जमतं. १ कप काकवीत पाव कप पाणी घालून गरम करा. अर्धा चमचा मेथी कोरडी, मंद आंचेवर, रंग किंचित बदलेपर्यंतच भाजा. लाल झाली की कडू. गॅस बंद करून मेथी काकवीत टाका, १५ मिनिटं झाकून ठेवा, गाळा. मेथीसकट उकळू नका. बाजारातल्या पॅनकेक सिरपपेक्षा चांगलं लागतं, पण फ्रीजमध्ये ठेवून आठवड्यात संपवा, पाणी घातलेलं आहे.

खिडकीतला (पुणे)

पुण्या-मुंबईत कॅफेमुळे नाव पसरलंय. मोठ्या किराणा दुकानांत आणि दहा मिनिटांत घरपोच देणाऱ्या ॲपवर दोन्ही प्रकार एकमेकांशेजारी असतात, फोटो सारखाच. मागची बाजू बघितल्याशिवाय घेऊ नका. खऱ्यावर घटक एकच: मेपल सिरप. "इन्व्हर्ट सिरप", "रंग १५०डी" (कॅरामल रंग), "२०२" किंवा "२११" (प्रिझर्व्हेटिव्हचे क्रमांक) दिसलं तर ते वासाचं. खऱ्याला प्रिझर्व्हेटिव्ह लागत नाही. आयात मालावर आयातदाराचा पत्ता आणि एफएसएसएआय क्रमांकाचं लेबल असतं. त्याखाली मूळ लेबल झाकलं गेलं असेल तर ते खालून दिसतं का बघा. "शुगर फ्री मेपल" हा प्रकार तर सरळ गोडवा आणणारी रसायनं आणि वास.

गोव्यात वेगळं चित्र आहे. किनाऱ्यावरच्या परदेशी पाहुण्यांच्या कॅफेंमुळे मेपल मेनूवर बरंच दिसतं, पण घरात आळेबेळे या गुंडाळलेल्या गोड घावनाच्या सारणात ओलं खोबरं आणि माडाचा गूळच जातो.

मी_सातारकर (सातारा)

भावाकडून डबा आला आहे. उघडल्यावर किती टिकतो? आणि पुढच्या वेळी त्याला काय सांगू, डबा आणू की प्लास्टिकचा जग?

फणसपोळी (माँट्रियाल)

न उघडलेला डबा थंड, कोरड्या जागी वर्षानुवर्षं राहतो. उघडल्यावर काचेत ओतून फ्रीजमध्ये, काही महिने सहज. आपल्या हवेत ओट्यावर ठेवलंत तर वर बुरशीची साय येते. जुने लोक ती काढून सिरप पुन्हा उकळतात. मी म्हणेन टाकून द्या, एवढी जोखीम कशाला. फ्रीजरमध्ये ठेवलं तरी चालतं, साखरेमुळे दगड होत नाही, नुसतं घट्ट होतं. प्लास्टिकमधून हवा थोडी आत जाते, त्यामुळे वर्षभरात सिरपचा रंग गडद होतो आणि चवही उतरते. म्हणून लांब ठेवायचं तर डबा किंवा काच.

भावाला सांगा, हे द्रव मानतात. केबिन बॅगेत १०० मिलीपेक्षा मोठी बाटली बहुतेक विमानतळांवर सुरक्षा तपासणीत काढून घेतात. तपासणीनंतरच्या दुकानातून घेतली तरी मध्ये विमान बदलायचं असेल तर सीलबंद पिशवी फोडू नये, नाहीतर पुढच्या तपासणीत तीही जाते. चेक-इनमध्ये पत्र्याचा डबा सर्वांत निर्धास्त. जगचं झाकण सैल होऊन सगळे कपडे चिकट होतात, त्याला झाकणावर टेप आणि दोन पिशव्या. वजन मात्र आधी धरा: हे पाण्यापेक्षा जड आहे, लिटरला १.३३ किलो. ५४० मिलीचा एक डबा आत सव्वासातशे ग्रॅमच्या आसपास, वर पत्रा वेगळा. सहा डबे म्हणजे साडेचार किलो गेलेच.